तीन ठोके पडले की बाहेर

गिल्मारची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्याला दगड मारायच्या बेतात होते.

दगड हाताशी नव्हता, हे त्याचं नशीब. मी गळ्यापर्यंत पाण्यात, मास्क कपाळावर चढवलेला, नाकातोंडात खारं पाणी, आणि मागे घाबरलेले डच पाहुणे. आणि हा? माझ्या मामाच्या बोटीत मांडी ठोकून बसलेला. डोळे मिटलेले, मान डोलतेय, आणि हातातलं लोखंड बोटीच्या शिडीवर मजेत वाजतंय.

“काय झालं? लाटा कुठायत?” मी ओरडले.

त्याने एक डोळा उघडला. “लाटा? समुद्र बघ की. बशीत ओतल्यासारखा पडलाय.”

“मग तीन ठोके का दिलेस?”

“तीन?” त्याने जरा विचार केला. “तीन नाही… मी बरेच दिले.”

मी पाहुण्यांना दाखवते त्या निळ्या खोलीचं, म्हणजे समुद्रातल्या गुहेचं, तोंड फार बुटकं आहे. बाहेरून बघाल तर कड्याच्या पायथ्याशी नुसती काळी रेघ दिसते. लाट ओसरली की डोकं खाली घालून पटकन आत शिरायचं. आत गेलं की उजेड वरून नाही, पायाखालून येतो… सगळं पाणीच पेटल्यासारखं निळं होतं, आणि माणसं बोलायची थांबतात. पण आत असलेल्याला बाहेरचा समुद्र दिसत नाही. म्हणून बोटीची लोखंडी शिडी पाण्यात सोडलेली असते आणि बोटीवरचा माणूस तिच्यावर जुन्या फावड्याच्या पात्याने ठोके देतो. एक ठोका म्हणजे सगळं ठीक. तीन म्हणजे लाटा वाढल्या, असाल तसे बाहेर निघा. तो आवाज पाण्यातून थेट बरगड्यांत येतो.

त्या दिवशी पाहुण्यांचा पहिला “आ…” पुरता व्हायच्या आत बरगड्यांत धडधड सुरू झाली, आणि मी सगळ्यांना ओढत बाहेर आणलं होतं.

“नोव्हेंबर लागलाय ना,” गिल्मार म्हणाला.

जणू एवढ्याने खुलासा झाला! आणि खरं सांगायचं तर, झालाच होता. नोव्हेंबर लागला की आमच्या बेटावर तांबूच्या नाचगाण्याचे ढोल निघतात, आणि ढोलाच्या जोडीला वाजतं ते फावड्याचं पातंच. ते हातात आल्यावर वाजवणाऱ्याचा हात गप्प बसणार कसा? पण मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

“ते वाजवायचं लोखंड नाही, जीव वाचवायचं लोखंड आहे. कळलं?”

“कळलं.” तो थांबला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, “बॉन दिया.”

“काय?”

“आमच्या बोनेअरला भांडणाआधी बॉन दिया म्हणतात. तुमच्या कुरासावात नंतर म्हणत असतील.”

मला भाजल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. मी गुहेत शिरतानासुद्धा तिला बॉन दिया म्हणते. कुणाच्याही घरात मुक्याने शिरू नये, ही मामाची शिकवण. आणि या माणसाला, सकाळपासून एका बोटीत असून, मी साधा नमस्कार घातला नव्हता.

“बॉन दिया,” मी दात आवळून म्हटलं.

“आता बरं वाटलं,” तो म्हणाला आणि हसला. हसला तेव्हा त्याच्या एका गालाला खळी पडली. एकाच. दुसरी कुठे राहिली, हे बघण्यात माझा राग जरा मागे पडला…

मामाला आम्ही तिओ म्हणतो, नाव एव्हेर्टो. बोट त्याची, आणि गुहेची वाट मला दाखवली तीही त्यानेच. कंबर धरल्यापासून तो वेस्टपुंतच्या किनाऱ्यावर झाडाखाली बसून मासे साफ करतो, आतडी पाण्यात भिरकावतो आणि कासवं जमली की त्यांना गावभरच्या बातम्या सांगतो. गिल्मारला त्यानेच बोलावून घेतलं होतं. जुन्या मच्छीमार दोस्ताचा मुलगा, शेजारच्या बोनेअर बेटावरचा.

“वर्षाखेरीपर्यंत बघतो,” तिओ मला म्हणाला होता. “जमला तर बोट त्याच्या हवाली. नाही जमला तर परत पाठवू. तिकडे मिठागरावर काम आहेच.”

“इंजिन तरी कळतं का त्याला?”

“इंजिन त्याच्याशी बोलतं, मिलू. तू बोलशील का ते बघ.”

आता आमच्याकडे सगळेच सगळ्यांना ‘दुशी’ म्हणतात. गोड माणसा, असं. पाववाली म्हणते, बसचा ड्रायव्हर म्हणतो, बँकेतली बाई नकार देतानासुद्धा “नाही हो दुशी” म्हणते. गिल्मारही म्हणायचा. पाहुण्यांना दुशी, इंजिनाला दुशी, त्या खादाड म्हाताऱ्या कासवालाही दुशी. मला मात्र “मिलुष्का.” पूर्ण. आई मला पूर्ण नावाने हाक मारते ती फक्त बोलणी खायची असतात तेव्हा.

मला काय त्याचं! म्हणेना का काहीही. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की तो तोंड उघडायचा अवकाश, माझे कान टवकारलेले असतात… आणि मग तो म्हणायचा, “मिलुष्का, तो डबा दे.” मी डबा जरा जोरातच द्यायची.

एका रविवारी, ऊन कललं तेव्हा किनाऱ्यावर ढोल आला. बायकांनी खिमा भरलेल्या पास्तेची तळायला घेतल्या, तिओ बकऱ्याच्या रश्श्याचं पातेलं घेऊन बसला. गिल्मारने लोखंड हातात घेतलं, आणि गाणंही.

तांबूला दोन अंगं असतात. आधी हबरी. तेव्हा एकटा गातो, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, पाय हलवायचा नाही. हबरी पुरी झाली की सेरा. मग टाळ्या, मग सगळ्यांचं उत्तर, मग नाच. हबरीत गाणाऱ्याला कुणाचीही उणीदुणी काढायची मुभा असते, आणि ज्याची काढली त्याने हसून सोसायचं असतं.

गिल्मार समुद्राकडे बघत गायला लागला—

“गुहेला म्हणते बॉन दिया, कासवाला देते मासा…
बोटीतल्या माणसाला म्हणते, तू कोण रे, आलास कसा?”

हशा उसळला. सगळ्यात मोठ्याने हसला तिओ, मेला. माझे कान तापले. तेवढ्यात सेरा सुरू झाला, टाळ्या पडल्या, आणि गिल्मार लोखंड दुसऱ्याच्या हातात देऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“नाचणार?”

“माझी अब्रू काढून वर विचारतोस?”

“अब्रू नाही काढली. चौकशी केली… तू उत्तर कुठे दिलंस अजून?”

तांबूत जोडीदाराला हात लावायचा नसतो. मध्ये बोटभर अंतर ठेवायचं आणि ते अंतर मोडायचं नाही. आजवर मी कितीतरी जणांसमोर नाचले असेन. ते बोटभर अंतर मला कधी जाणवलंही नव्हतं. त्या संध्याकाळी ते सारखं जाणवत होतं. त्याच्या शर्टाला समुद्राचा आणि डिझेलचा वास होता. सर आली, भुरभुरून गेली, कुणी थांबलं नाही. त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला होता… पुसावासा वाटला. हात मागेच ठेवला.

“उत्तर?” त्याने पुन्हा विचारलं.

“अर्ध्या गाण्याला कोण उत्तर देतं?” मी म्हटलं आणि गिरकी घेतली.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग डिसेंबरचा वारा सुटला.

त्या दिवशी कोलंबियाचं एक नवं जोडपं आत होतं. नवरी सुरुवातीला टाळ्या पिटत होती. आणि बरगड्यांत तीन ठोके पडले. स्वच्छ, सावकाश, मुद्दाम दिलेले. त्या पहिल्या दिवसापासून गिल्मार ठोक्यांची चेष्टा करत नसे. मी गुहेच्या तोंडाकडे पाहिलं, तर लाट येऊन ते पुरतं बुजत होतं. नवरीनेही पाहिलं. तिने कपार दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. ती हलेना. नवरा विनवतोय, मी समजावतेय, बाहेरून पुन्हा तीन ठोके… पुन्हा तीन… आणि मग ठोके बंदच झाले.

शेवटी तिचा चेहरा मी दोन्ही हातांत धरला. “माझ्याकडे बघ, दुशी. फक्त माझ्याकडे. लाट मागे गेली की आपण दोघी जायचं.” लाट मागे गेली आणि आम्ही निसटलो, पाठोपाठ नवराही.

बाहेर येऊन पाहते तर बोटीवर कुणी नाही.

गिल्मार पाण्यात होता. गळ्यापर्यंत. कमरेला नांगराची जादा दोरी बांधलेली, एक हात शिडीच्या दांड्यावर, दुसरा पुढे… आमच्या दिशेने. ओठ पांढरे पडलेले. लाइफ जॅकेटं सगळी पाहुण्यांच्या अंगावर होती.

पाहुण्यांना वर चढवलं, टॉवेल दिले, गोड सरबत पाजलं. मग मी त्याला बोटीच्या टोकाशी गाठलं.

“पाण्यात काय करत होतास?”

“येत होतो.”

“दोरी बांधून?”

तो दोरीची गाठ सोडत राहिला. गाठ सुटेना. “मला पोहता येत नाही, मिलुष्का.”

पाद्र्याला प्रार्थना येते का, असं कुणी विचारत नाही. तसंच मच्छीमाराच्या पोराला पोहता येतं का, हे तिओने विचारलं नव्हतं. मीही नाही. आमच्याकडे कुणीच विचारलं नसतं.

“बाबा शिकवायचे नाहीत,” तो हळूच म्हणाला. “म्हणायचे, पोहता येणाऱ्याला होडीची कदर राहत नाही. ते स्वतःही कधी…”

“आणि दोरी संपली असती तर?”

“तो विचार उतरल्यावर आला.”

मी खूप बोलले. लोकांचे जीव आपल्या भरवशावर असतात म्हणाले, तू लपवलंस म्हणाले, आणखीही बरंच. त्याने सगळं ऐकून घेतलं, कारण सगळं खरं होतं. पण आतून मला दुसरंच काहीतरी सांगायचं होतं. पोहता न येणारा माणूस माझ्यासाठी पाण्यात उतरला होता. याला शुद्ध मूर्खपणा म्हणतात. तो मूर्खपणा मला इतका आवडला होता, की त्यानेच मी जास्त चिडले होते.

“जुनं वर्ष संपायच्या आत,” मी म्हटलं, “तू एकटा पोहत निळ्या खोलीत जायचं आणि परत यायचं. जमलं नाही तर तिओला मी स्वतः सांगणार. तोवर गुहेची फेरी बंद.”

“म्हणजे नाही जमलं तर मिठागर.”

“हो.”

बोलून तर बसले. आणि रात्रभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी तिओला सांगितलं, “समुद्र खवळलाय, गुहा बंद ठेवतेय. पाहुण्यांना किनाऱ्याकाठचीच कासवं दाखवीन.”

तिओने समोरच्या पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. “हो,” तो म्हणाला. “फार खवळलाय.” आणि पुन्हा मासा सोलायला लागला.

रोज सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी आणि गिल्मार पलीकडच्या छोट्या खाडीत जायचो. पहिल्या दिवशी तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून बुडबुडे सोडायला शिकला. एवढा बाप्या माणूस, गाल फुगवून!

“हसू नकोस.”

“हसत नाहीये.”

“खांदे हलतायत तुझे.”

मग तरंगणं. त्याच्या मानेखाली मी हात ठेवायची. “डोकं टाक माझ्या हातावर. टाक… नाही टाकलंस. अजून तूच धरलंयस.”

“तू सोडलंस तर?”

“नाही सोडणार.”

“कधीच?”

“पोहणं शिकतोयस ना? आकाशाकडे बघ.”

तो आकाशाकडे बघायचा नाही. माझ्याकडे बघायचा. मग मीच आकाशाकडे बघायची, आणि त्याचं डोकं माझ्या तळहातावर हळूहळू जड होत जायचं. एका सकाळी मी हात काढून घेतला, तरी तो तरंगत राहिला. बराच वेळ त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो दचकला, बुडाला, खोकत वर आला आणि माझ्या दंडाला घट्ट धरून खदाखदा हसला. मग आपण दंड धरलाय हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. त्याने हात सोडला, पण सावकाश…

“मिलुष्का.”

“काय?”

“काही नाही. पुन्हा तरंगतो.”

तो शिकत होता, पण मास्क लावून पाण्याखाली डोकं घातलं की अजून घाबरत होता. गुहेच्या तोंडाशी तर डोकं घालावंच लागतं. दिवस भराभर जात होते. मी मनात म्हणायची, नाही जमलं तर मी अट मोडेन, गप्प बसेन. लगेच त्या नवरीचे मिटलेले डोळे आठवायचे. अट मोडता येणार नव्हती. बोटीवर असा माणूस हवा, जो दोरी न बांधता येऊ शकेल. आणि मला तर तोच हवा होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. गावात सकाळपासूनच फटाक्यांच्या माळा तडतडत होत्या. आम्ही दोघं गुपचूप बोट काढायला गेलो, तर तिओ आधीच आत बसलेला, कंबरेला उशी लावून.

“मीही येतो,” तो म्हणाला. “खवळलेला समुद्र बघायचाय मला.”

गिल्मारने इंजिन सुरू केलं. कड्यापाशी नांगर टाकला. गिल्मारने मास्क लावला, फावड्याचं पातं कमरेच्या पट्ट्यात खोचलं. “आत पोचलो की कपारीवर वाजवीन.”

“तू आधी पोच,” मी म्हटलं.

तो उतरला. दोरीशिवाय. हात मारत गेला… वाकडातिकडा, पण गेला. गुहेच्या तोंडाशी जाऊन थांबला, श्वासाची नळी काढली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, तो गुहेला म्हणाला, “बॉन दिया.” लाट ओसरली. त्याचं डोकं खाली गेलं, आणि पाण्यावर काही उरलं नाही.

मी इंजिनाचा पाना उचलला आणि शिडीवर एक ठोका दिला. सगळं ठीक?

उत्तर नाही.

पुन्हा दिला. नाही. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी हबरी वाजवायला लागले. त्या रविवारची. दोनचार ठोके दिले, थांबले, कान लावला. काही नाही. पाना टाकून मी मास्क चढवला.

तिओने माझं मनगट धरलं. “थांब.”

“तिओ, तो बुडत असेल!”

“बुडणारा बुडबुडे सोडतो. पाणी बघ, स्वच्छ आहे. हबरी पुरी वाजव, पोरी. अर्धी वाजवून थांबतेस, आणि म्हणतेस उत्तर येत नाही!”

मी पाना उचलला. आणि यावेळी थांबले नाही. गुहेला बॉन दिया, कासवाला मासा… तू कोण रे, आलास कसा… पुढे त्याने गायलं नव्हतं तेही वाजवलं. आलास तर राहा. परत जाऊ नकोस. शब्द नव्हते, नुसते ठोके, पण मला ते शब्दच ऐकू येत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिओसमोर त्याची लाज वाटत नव्हती. शेवटचा ठोका दिला. हबरी पुरी झाली.

क्षणभर काहीच नाही.

आणि मग कड्याच्या पोटातून, शिडीतून, बोटीच्या लाकडातून, माझ्या बरगड्यांत… सेरा! दणदणीत, चुकतमाकत, श्वास पुरत नसलेल्या माणसाने वाजवलेला सेरा.

मी पाण्यात उडी घेतली तेव्हा तिओ मागून काहीतरी म्हणाला. मी ऐकलं नाही.

आत निळा उजेड लखलखत होता. गिल्मार कपारीला चिकटून बसला होता, थरथर कापत, मास्क मानेवर घसरलेला, आणि गालावर ती एकुलती एक खळी.

“बॉन दिया,” मी धापा टाकत म्हटलं.

“बॉन दिया. बघ, आता कशी आधी म्हणायला शिकलीस.”

“पहिल्या ठोक्याला उत्तर का नाही दिलंस? जीव गेला माझा!”

“आधी खोकत होतो. मग तू हबरी सुरू केलीस.” त्याने केस मागे सारले. “मी पहिल्या दिवशी मध्येच वाजवून बसलो होतो, आठवतं? ठरवलं, आज पुरी ऐकायची. तू शेवटपर्यंत जातेस का ते बघायचं होतं.”

“गेले.”

“ऐकलं मी.”

पायाखालून उजेड हलत होता. आमच्यात बोटभर अंतर होतं.

“गिल्मार, तू सगळ्यांना दुशी म्हणतोस. इंजिनालासुद्धा. मला का नाही?”

“इंजिनाला म्हणतो, म्हणूनच.” तो माझ्याकडे बघत राहिला. “सगळ्यांना वाटून टाकलेला शब्द तुला कसा देऊ? तुझं नाव चांगलं लांब आहे. म्हणायला वेळ लागतो… तेवढा वेळ तू तोंडात राहतेस. आवडतेस तू मला, मिलुष्का. फार. त्या दिवशी दगड शोधत होतीस ना, तेव्हापासून.”

“तुला दिसलं होतं?”

“हात चाचपडत होता तुझा.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. “मलाही आवडतोस तू,” मी म्हटलं. “पोहता येत नव्हतं तेव्हाच जास्त.”

“तांबूत हात लावायचा नसतो,” तो हळूच म्हणाला.

“इथे कुठे तांबू आहे? गुहेतला नियम वेगळा असतो. इथे वाटाड्याचा हात धरावाच लागतो.”

त्याने हात धरला. मग दुसराही धरला.

तेवढ्यात बरगड्यांत तीन ठोके पडले. पाठोपाठ आणखी तीन. बाहेरून तिओची हाक घुमत आत आली, “बोट तुझी झाली रे बाबा! पण बाहेर या, माझी कंबर गेली!”

पाहुण्यांना मी नेहमी बजावते: तीन ठोके पडले की हातातलं सगळं सोडायचं आणि आधी बाहेर यायचं.

“लाटा वाढल्या असतील?” गिल्मारने विचारलं.

मी मागे वळून गुहेच्या तोंडाकडे पाहिलं. समुद्र बशीत ओतल्यासारखा पडला होता.

“फार,” मी म्हटलं, आणि हातातलं काहीच सोडलं नाही.